मॉड्युलर किचन, मुक्काम पोस्ट मंठा

गावाकडचं घर नव्यानं बांधताय? आईला ‘ड्रीम किचन’ गिफ्ट करायचंय? क्रेडिट कार्ड बाहेर काढण्याआधी हा अनुभव वाचा. तुमचे पैसे वाचतील, शिवाय आईची बोलणीही!

पुण्यातली एक चकाचक शोरूम. मंद संगीत, काचेच्या पेल्यात लिंबू-पुदिन्याचं पाणी, समोर बटण दाबलं की आपोआप उघडणारा ओव्हन. सेल्समननं कॅटलॉग पुढे सरकवत विचारलं, ‘‘मॅडम, साइट कुठेय?’’

‘‘मंठा.’’

‘‘मुंढवा? मग तर उद्याच माणूस पाठवतो मेजरमेंटला!’’

‘‘मुंढवा नाही हो, मंठा. जालना जिल्हा.’’

त्याचं हसू जागेवरच राहिलं, पण हातातला टेप मात्र हळूच खिशात गेला.

आपल्यापैकी कितीजणांची ही गोष्ट आहे! नोकरी हिंजवडीत, खराडीत किंवा बंगळुरूत. ईएमआय तिथल्या टू-बीएचकेचा. आणि मन अडकलेलं परतूर, मंठा, जिंतूर, लोणारच्या एखाद्या स्लॅबच्या घरात. जरा हातात पैसा खेळायला लागला की पहिला विचार येतो, आईचं स्वयंपाकघर नवं करू या. तिनं आयुष्य काढलंय त्या कडप्प्याच्या ओट्यापुढे. आता तिनंही ऐटीत राहावं.

आम्ही भावंडांनीही हेच ठरवलं. २०२५ च्या गुढीपाडव्याला घराचं काम सुरू केलं. दादानं एक्सेल शीट बनवली आणि किचनच्या उपकरणांसाठी साडेचार लाख बाजूला काढले. निम्मे आम्ही दोघांनी घालायचे, निम्मे बाबा सोयाबीन विकून देणार होते. यादी तर काय झक्कास होती! फोर बर्नर बिल्ट-इन हॉब, फिल्टरलेस चिमणी, बिल्ट-इन ओव्हन, साइड-बाय-साइड फ्रिज, डिशवॉशर. वहिनीनं तर इंडक्शन हॉबचा फोटो ग्रुपवर टाकून खाली तीन हार्ट्ससुद्धा पाठवले.

आईचा रिप्लाय आला तो व्हॉइस मेसेजवर. ‘‘येवढं सगळं कामून आणायलीस गं? लाइट गेल्यावर ह्याचं काय करायचं?’’

हसलो आम्ही. पण पुढचे सहा महिने त्या एका प्रश्नाभोवतीच गेले.

आधी वायर, मग फायर!

मंठा हे जालन्यापासून साठेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. रेल्वे नाही, जवळचं स्टेशन परतूर. पुण्याहून गाडीनं निघालात तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मोठ्या शहरातलं मशीन इथे आणायचं म्हणजे इथली वीज, इथलं पाणी आणि इथला मेकॅनिक या तिघांशी आधी ओळख करून घ्यायला हवी.

सुरुवात विजेपासून. दादानं एक साधा मल्टिमीटर आणला आणि आठवडाभर संध्याकाळी सातला किचनच्या प्लगमधलं व्होल्टेज मोजलं. कागदावर २३० असायला हवं, आमच्याकडे १८० ते १९० भरत होतं. आता गंमत बघा. हीटिंग कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. म्हणजे २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा ओव्हन १८० व्होल्टवर जेमतेम सव्वाबाराशे वॅट देतो. रेसिपीत ‘चाळीस मिनिटं’ लिहिलेला केक तासाभरानंही आतून ओलाच! आणि आपण बदनाम करतो बिचाऱ्या बेकिंग पावडरला.

आम्ही अर्थातच बाहेरच्या लाइनला दोष देऊन मोकळे झालो होतो. वायरमन आला, मीटरजवळ मोजलं, तर तिथे २१५! उरलेले व्होल्ट आमच्याच घरातली पंचवीस वर्षांची जुनी वायर आणि तिचे सैल जोड खात होते. म्हणजे चोर घरातच होता.

तेव्हा पहिला खर्च झाला तो कुठल्याही शोरूममध्ये न दिसणाऱ्या गोष्टींवर. किचनला स्वतंत्र सर्किट, ओव्हन, गीझरसारख्या १६ अँपिअरच्या प्रत्येक पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नवं अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा शेवटचा आयटम लक्षात ठेवा. ओल्या हातानं मिक्सरला हात लावल्यावर करंट गळत असेल तर हा पठ्ठ्या क्षणार्धात वीज तोडतो. दिसायला स्विचएवढा, पण साऱ्या किचनमधला सगळ्यात ‘हाय-एंड’ आयटम हाच, असं माझं आता ठाम मत झालंय.

मीटरवरचा मंजूर भारही तपासा. चार झोनचा इंडक्शन हॉब पूर्ण ताकदीनं चालवला तर सात किलोवॅटच्या पुढे जातो. गावाकडच्या साध्या घरगुती कनेक्शनवर त्याच्या जोडीला मोटर आणि गीझर चालू झाला की खटका पडलाच म्हणून समजा. आणि इन्व्हर्टर? घरोघरी असतो तो सातशे-नऊशे व्हीएचा. तो पंखे, दिवे आणि वायफाय सांभाळतो. २००० वॅटची शेगडी त्याच्यावर टाकणं म्हणजे लुनावर ऊस लादणं!

भाकरीची टेस्ट

वहिनीच्या लाडक्या इंडक्शन हॉबचा निकाल लावला तो भाकरीनं. आमच्याकडे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी. ती परातीत थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी तवा बाजूला सारून थेट जाळावर धरायची. तेव्हा कुठे ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. इंडक्शनला जाळच नाही. शिवाय त्याला चुंबक चिकटेल असं सपाट बुडाचंच भांडं लागतं. आईचा लोखंडी तवा चुंबकाला चिकटतो खरा, पण वर्षानुवर्षं वापरून तो मधून खोलगट झालाय. आणि भाजायला ठेवलेलं वांगं? त्याला कुठलं सपाट बूड!

वहिनीनं सिंगल झोनची पोर्टेबल इंडक्शन शेगडी तेवढी आणली. दूध, चहा, कुकरचा भात यासाठी ती मस्तच आहे आणि सिलिंडर संपलेल्या दिवशी तर देवासारखी धावून येते. पण मुख्य शेगडी गॅसचीच, हे पक्कं झालं.

गॅस हॉबमध्येही मेख आहे. साठ सेंटिमीटरच्या हॉबमध्ये चार बर्नर कोंबलेले असतात. फोटोत भारी दिसतं. पण एका बाजूला बारा इंची तवा आणि दुसऱ्या बाजूला पुरणाचं पातेलं ठेवलं की मधल्या दोन बर्नरवर फक्त वाटी बसते. त्यापेक्षा पंचाहत्तर ते नव्वद सेंटिमीटर रुंदीचा, तीनच बर्नरचा हॉब घ्या. शोरूममध्ये जाताना घरचा तवा आणि सगळ्यात मोठं पातेलं सोबत न्या. लोक बघतात, बघू देत! मी परात घेऊन गेले होते.

आणखी दोन गोष्टी विचारा. एक, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का? पंख्याच्या वाऱ्यानं किंवा दूध उतू जाऊन ज्योत गेली की ही सोय जीव वाचवते. घरात वय झालेली माणसं असतील तर यावर तडजोड नको. दोन, पेटवायची ठिणगी सेलवर पडते की विजेवर? लाइट गेली तरी शेगडी बिनकाडीची पेटायला हवी.

आता आमची फजिती ऐका. मिस्त्रीनं कॅटलॉगमधल्या मापानं ग्रॅनाइट कापून ठेवला आणि दुकानदारानं ‘अपग्रेडेड मॉडेल’ म्हणून दुसराच हॉब पाठवला. भोक दोन सेंटिमीटरनं मोठं! हॉब वरून थेट आत. दगड काही पुन्हा वाढत नाही, तेव्हा कडेला स्टीलची पट्टी लावून वेळ मारून न्यावी लागली. ती पट्टी रोज डोळ्यांत खुपते. धडा सोपा आहे. वस्तू घरात आल्याशिवाय दगडाला कटर लावू देऊ नका. प्रत्येक कंपनीचं कटआउट वेगळं असतं, आणि दहा वर्षांनी हॉब बदलायची वेळ येईल तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे.

धूर निघाला, वांधे सरले

आईचा येसर आणि काळा मसाला भाजण्याचा दिवस म्हणजे पूर्वी आख्ख्या गल्लीला ठसका! त्यामुळे चिमणीबद्दल मात्र घरात एकमत होतं. इथेही आकड्यांचा खेळ चालतो. सेल्समन सांगणार, ‘‘मॅडम, चौदाशेचं सक्शन आहे.’’ चौदाशे काय? तासाला इतके घनमीटर हवा ओढण्याची क्षमता. तुम्हाला किती लागते, ते स्वतःच काढा. आमचं किचन १२ बाय १० फुटांचं, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला दहा-बारा वेळा हवा बदलायची तर साडेतीनशे-चारशे पुरे. फोडणी, तळण आणि पाइपमधला अडथळा धरून दुप्पट-तिप्पट घ्या. त्यापुढचा आकडा मुख्यतः आवाज वाढवतो.

खरा फरक पाइपानं पडतो. सहा इंची पाइप, शक्य तितका आखूड आणि कमीत कमी वळणांचा. प्रत्येक कोपऱ्यावर ओढ कमी होते. नवं घर असेल तर भिंतीतलं भोक गिलाव्याआधीच पाडून घ्या. गॅसच्या शेगडीपासून चिमणी दोन ते अडीच फूट उंचीवर हवी. खाली घेतली तर आगीची भीती, वर गेली तर धूर बाजूनं निसटतो. ‘ऑटो-क्लीन’ या शब्दावरही फार भाळू नका. तेल वितळून वाटीत जमतं, पण ती वाटी आपोआप बेसिनपर्यंत चालत जात नाही!

फ्रिज दारातच अडला असता

साइड-बाय-साइड फ्रिज म्हणजे स्टेटस सिम्बॉल. बाबांनाही तो भावला होता. पण त्याची रुंदी साधारण तीन फूट, आणि आमच्या मधल्या घराची सागवानी चौकट अडीच फुटांची. आजोबांनी बसवलेली चौकट फ्रिजसाठी तोडायला बाबा तयार होईनात. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी साडेतीनशे लिटरचा डबल डोअर घेतला. फ्रिजचं माप घेताना दार, जिन्याचं वळण आणि मागे-बाजूला हवेसाठी सोडायची जागा, असं सगळं मोजा. दार पूर्ण उघडल्याशिवाय भाज्यांचा ड्रॉवर बाहेर येत नाही, हे भिंतीला खेटून फ्रिज लावल्यावरच कळतं.

स्टारचं गणितही समजून घ्या. बीईईची स्टार लेबलं आपल्याकडे २००६ पासून आली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ती २०१० पासून सक्तीची झाली. पण स्टारचे निकष अधूनमधून कडक होत जातात. म्हणजे जुन्या स्टॉकमधला फाइव्ह स्टार आजच्या मोजपट्टीवर खाली घसरू शकतो. म्हणून स्टार मोजण्याबरोबर लेबलचा कालावधी आणि वर्षाला लागणारी युनिट्स वाचा. इन्व्हर्टर कंप्रेसरच्या फ्रिजवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं. ते कुठल्या व्होल्टेजपासून कुठल्या व्होल्टेजपर्यंत, हा आकडा माहितीपत्रकात असतो. तो तुमच्या मल्टिमीटरच्या वहीशी ताडून बघा.

मिक्सर निवडताना आईनं एकच प्रश्न विचारला, ‘‘खोबरं आन् तीळ वाटतंय का?’’ हा प्रश्न जुनाच आहे बरं का. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानं ‘सुमीत’ मिक्सर बनवला तो ह्याच गरजेतून. परदेशी मिक्सर तिकडच्या मऊ पदार्थांसाठी केलेले; आपली डाळ, हळकुंड, सुकं खोबरं त्यांना झेपत नव्हतं. आपल्या मराठवाड्याचंही या बाबतीत नाव आहे. नॉनस्टिक तवा देशातल्या घराघरांत नेणारं ‘निर्लेप’ औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सनं ती कंपनी घेतली. आणि त्याच शहराजवळ चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ब्रँड कितीही घराघरातला असला तरी दहा वर्षांनी त्याचा सुटा भाग मिळेल का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि मग पाऊस आला...

सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. वर्तमानपत्रांत तुम्ही फोटो पाहिले असतील. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं होतं. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, ‘‘यंदा माझ्या वाट्याचं जमणार नाही.’’ आणि विषय बदलून दादाला विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे.

दैवाचा विनोद बघा. त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरपासून, डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४० हजारांचा डिशवॉशर ५१,२०० ऐवजी ४७,२०० ला. शोरूममधून लगेच फोन, ‘‘मॅडम, आता तर घेऊनच टाका!’’

साडेचार लाखांचे दोन लाख साठ हजार झाले होते. दादा म्हणाला, कर्ज काढू, एवढ्यासाठी कशाला अडायचं? मी म्हटलं, ओव्हन कापू. आमची चांगलीच जुंपली. आई गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं दिवाळीचे चार दिवस येता. उरलेले तीनशे साठ दिवस तिथं मी ऱ्हाते. मला कुणी विचारलं का, मला काय पाहिजे?’’

खरंच, विचारलं नव्हतं. आम्ही तिच्यासाठी ते किचन घेत होतो, जे आम्हाला स्वतःसाठी हवं होतं आणि पुण्यातल्या आठ बाय आठमध्ये मावत नव्हतं.

डिशवॉशर की मावशी?

आईसमोर यादी ठेवली. बिल्ट-इन ओव्हनवर तिनं तत्काळ काट मारली. ‘‘त्यात पापडाचे डबे ठेवीन मी.’’ कोल्ड प्रेस ज्यूसरचंही तसंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती आमच्याकडे हातानंच सोलून खातात! डिशवॉशरवर मात्र तिचं बोट थांबलं. ‘‘आन् मावशी काय करतील?’’

भांड्यांच्या मावशी आमच्याकडे वीस वर्षं येतात. माझ्या बारावीच्या पेपरच्या दिवशी दही-साखर त्यांनीही हातावर ठेवली होती. आता हा प्रश्न एक्सेल शीटच्या कुठल्या रकान्यात टाकायचा?

तरी मी अभ्यास केला. डिशवॉशर एका फेरीत साधारण ९ ते १२ लिटर पाणी घेतो. आमच्याकडे मोजलं तर तेवढ्याच भांड्यांना तीन बादल्या, म्हणजे ४५ लिटर लागत होतं. २०१३ चा दुष्काळ ज्यानं जालना जिल्ह्यात काढलाय, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी जाताना ज्यानं पाहिलंय, त्याला हा फरक कळतो. वीज लागते एका फेरीला सुमारे एक युनिट. इथवर मशीनची बाजू भक्कम.

आता दुसरी बाजू. पितळेची भांडी, कल्हईची भांडी, लोखंडी तवा, हिंडालियमच्या कढया, लाकडी पोळपाट-लाटणं यातलं काहीही डिशवॉशरमध्ये जात नाही. आईच्या मांडणीतली निम्मी भांडी तिथेच बाद! शिवाय पाण्याचा दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच मॉडेल्सना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. काठावर पास! त्यासाठी छोटा प्रेशर पंप आला. आणि बोअरचं पाणी? कठीणपणा तपासायची पट्टी बुडवली तर लिटरला ४२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी बीआयएसची अपेक्षित मर्यादा आहे २००. डिशवॉशरमधल्या मिठानं पाणी मऊ होतं, पण इतकं कठीण पाणी असेल तर मीठ भराभर संपणार, आणि न भरल्यास काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग.

या सगळ्या आकडेमोडीत एकदा मावशीच आल्या आणि ओट्याखालच्या रिकाम्या चौकोनाकडे बघून म्हणाल्या, ‘‘ताई, मशीन बसवायचं का इथं? बसवा की. पातेली तर मलाच घासायला लागतील.’’ मग जरा थांबून, ‘‘पण आधी ती मोरी बदला. कंबर धरती. आन् थंडीत पाणी लई गार ऱ्हातं.’’

त्या किचनमध्ये रोज दोन तास काढणारी दुसरी बाई हीच. आणि तिला विचारायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. साडेचार लाखांच्या यादीत खाली बसून भांडी घासायची मोरी तशीच राहणार होती!

मोरी गेली. तिच्या जागी उभं राहून घासता येईल असं खोल, मोठ्या पातेल्याचं सिंक, उंच मानेचा नळ आणि गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी. डिशवॉशरसाठी पाण्याचा, ड्रेनेजचा आणि विजेचा पॉइंट काढून ठेवला. मशीन नाही आणलं. मावशी ज्या दिवशी ‘आता होत नाही’ म्हणतील, तेव्हा आणू. आणि त्या दिवशी मशीनच्या पैशांबरोबर त्यांचाही काही विचार करावा लागेल, हे आईनं आताच आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलंय.

हिशेब मांडला तर...

वायरिंग, अर्थिंग आणि सुरक्षा: ६२ हजार. फ्रिज: ४६ हजार. पंप आणि प्लंबिंग: २८ हजार. चिमणी: २४ हजार. हॉब: २२ हजार. सिंक, नळ, गरम पाण्याची लाइन: २१ हजार. पाण्याचा फिल्टर: १६ हजार. मिक्सर: ९ हजार. एकूण २ लाख २८ हजार. उरलेले ३२ हजार आईच्या नावानं बँकेत.

बघा ना, वायरिंग, पंप आणि सिंक मिळून एक लाख अकरा हजार. म्हणजे जवळपास निम्मा खर्च इन्स्टाग्रामवर टाकता येणार नाही अशा गोष्टींवर! पण दिवाळीत चिमणी, मिक्सर आणि फ्रिज एकाच वेळी चालू असताना दिवा एकदाही मिचमिचला नाही, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, ‘‘वर्थ इट.’’

चौकट: खरेदीला निघण्याआधी

* आठवडाभर सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज मोजा. मीटरजवळ आणि किचनमध्ये, दोन्हीकडे.
* पाण्याचा टीडीएस आणि कठीणपणा वेगवेगळा तपासा. टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नसते. आरओ घेतलाच तर वाया जाणारं पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला चालतं.
* सेल्समनला शहराचं नाव सांगू नका, गावाचा पिनकोड द्या. ‘या पिनकोडला सर्व्हिस कोण देतं, तो कुठून येतो, येण्याचे पैसे किती?’ उत्तर बिलावर लिहून घ्या.
* वॉरंटी कशावर? ‘दहा वर्षं’ बहुतेक वेळा फक्त कंप्रेसर किंवा मोटरवर असते.
* बिल्ट-इन की सुटं? बिल्ट-इन बिघडलं की ओटाच अडतो. गावाकडे शक्य तिथे सुटं घ्या.
* तवा, परात, सगळ्यात मोठं पातेलं आणि दारांची मापं सोबत न्या.
* वस्तू हातात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू नका.
* तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.
* आणि सगळ्यात आधी, त्या किचनमध्ये रोज कोण कोण राबतं त्यांची यादी करा. यंत्रांची यादी त्यानंतर!

पाडव्याच्या दिवशी आईनं नव्या हॉबवर पहिली भाकरी टाकली. तवा बाजूला सारला, भाकरी जाळावर धरली, ती टम्म फुगली. आम्ही सगळे मोबाइल सरसावून उभे. आईनं भाकरी टोपल्यात टाकली आणि त्या ग्लॉसी काळ्या काचेकडे बघत म्हणाली, ‘‘चांगलंय. पण पिठाचा डाग लई उठून दिसतो गं ह्याच्यावर. पांढरी काच नव्हती का?’’

मंडळी, हॉबचा रंग तेवढा विचारायचा राहून गेला!